ईस्टरचे ट्रे

आमच्या घरात वर्षातून एकदा शिळ्या पावाला मान मिळायचा. ईस्टरच्या आधीच्या बुधवारपासून आई हमीदचाचांच्या बेकरीतून पाव आणून साठवायला लागायची आणि वेताच्या मोठ्या टोपलीत, धुतलेल्या फडक्याखाली, ते चांगले टणक होऊ द्यायची. चुकून कोणी त्यातला एखादा चहाबरोबर खायला उचलला तर तिचा आवाज मागच्या अंगणापर्यंत जायचा. ताजा पाव दुधात घातला की त्याचा लगदा होतो, शिळा मात्र दूध पिऊनही आपला आकार सोडत नाही, असं ती सांगायची आणि पुढे हमखास जोडायची, "माणसाचंही तसंच असतं, पण ते तुला आत्ता नको." मी तेव्हा चौदा वर्षांची होते आणि मला सगळंच आत्ता हवं असायचं.

नगरमध्ये मिशनच्या आवारामागे तीन खोल्यांत आम्ही तिघं राहायचो, आई, दादा आणि मी. वडिलांना मी दादा म्हणायचे. ईस्टरच्या दिवशी मंडळीची, म्हणजे आमच्या चर्चच्या लोकांची, पहाटेची उपासना कबरस्तानात असते. आपली माणसं जिथं निजली आहेत तिथंच उभं राहून प्रभू उठल्याची गाणी गायची. लोक भिंगारहून, नागापूरहून, आजूबाजूच्या खेड्यांतून पहिल्या एसटीनं किंवा सायकलवर डबल सीट यायचे आणि सगळे उपाशीपोटी यायचे. उपासना संपली की तिथंच चिंचेखाली चहा आणि आईचे ट्रे. दीडशे माणसांचा नाश्ता पहाटे उठून करायचा म्हटलं तर उपासनेला जायचं कोणी? म्हणून सगळं शनिवारीच करून ठेवायचं, अशी तिची युक्ती होती. पाव हातानं तोडायचे, सुरी लावायची नाही. पत्र्याच्या सहा मोठ्या ट्रेंना तूप फासून त्यांत ते पसरायचे. अंडी फोडून, दूध घालून घुसळायची, त्यात हळद, मीठ, बारीक चिरलेली मिरची, मूठभर कोथिंबीर आणि आधी परतून गार केलेला कांदा. ते पावावर ओतायचं आणि दोन तास झाकून ठेवून विसरून जायचं. मग हातगाडीवर घालून हमीदचाचांकडे. सकाळचा पाव भट्टीतून निघून गेला की जी धग उरते, तिच्यावर ते सावकाश भाजायचे. नीट भाजून कोरडं झालं की दुसऱ्या दिवशीपर्यंत त्याला काही होत नसे. "ज्याला भात लावता येत नाही त्यालाही हे येईल," आई म्हणायची. या पदार्थाला आमच्याकडे नाव नव्हतं. सगळे नुसतं "ट्रे" म्हणायचे, "शांताबाई, यंदा ट्रे किती?" परवा सुनेनं मला मोबाईलवर असाच काहीसा पदार्थ दाखवला, त्याला भलं मोठं इंग्रजी नाव होतं आणि वर चीज होतं. मी म्हटलं, बाई, हे आम्ही सावेडीत फ्लॅट व्हायच्या आधीपासून खातोय.

दादा नागापूरच्या एमआयडीसीत लेथवर होते आणि मंडळीत पंच होते. यातलं कोणतं काम ते जास्त मन लावून करायचे हे सांगणं कठीण आहे. दोन्हीकडे त्यांना सुताइतका फरक चालत नसे. लेंटचे, म्हणजे ईस्टरआधीच्या उपासाचे, चाळीस दिवस आमच्या घरात अंडं, मटण, मासळी बंद. ट्रे शनिवारी दुपारीच घरी येत, सगळं घर त्या वासानं वेडं होई, पण कबरस्तानात पाळकसाहेबांनी "ख्रिस्त उठला आहे" म्हणेपर्यंत आणि सगळ्यांनी "खरोखर उठला आहे" असं उत्तर देईपर्यंत एकाही ट्रेला सुरी लागायची नाही. त्यानंतर पहिल्या ट्रेचा कोपरा दादांचा. तिथं पत्र्याला चिकटून पाव खरपूस व्हायचा, कडा कुरकुरीत आणि आत मऊ. ते तो तुकडा उभ्या उभ्या, डोळे मिटून खायचे. एरवी आमच्या घरात जेवताना ताठ बसावं लागे.

त्यांना एक खोड होती. ते माणसाची परीक्षा घ्यायचे. मुलांची जास्त. रविवारी सकाळी अगदी गंभीर चेहऱ्यानं म्हणायचे, "शालू, आज चर्चला दांडी मारू या का?" मी "हो" म्हटलं की कान पिरगाळलाच. "नाही" म्हटलं की "शाबास" आणि लिमलेटची गोळी. त्यांच्या तोंडावरची रेषही हलायची नाही, फक्त डावी भुवई किंचित वर जायची आणि ती मला कधी वेळेवर दिसायची नाही. मी बारा वर्षांची असताना, उत्तम शुक्रवारी, म्हणजे गुड फ्रायडेला, सगळ्यांचा कडक उपास चालू असताना त्यांनी खिशातून शेंगदाण्याची चिक्की काढून माझ्यापुढे धरली. "घे. कोणाला कळतंय?" मी घेतली. तोंडात घालणार एवढ्यात त्यांनी ती माझ्या हातातून काढून परत कागदात गुंडाळली. रागावले नाहीत. पण ईस्टरनंतरच्या रविवारी संडे स्कूलमध्ये पन्नास मुलांपुढे त्यांनी मोहाचा धडा दिला आणि त्यात चिक्की होती, एक मुलगी होती, आणि सगळी मुलं वळून माझ्याकडे बघत होती. त्या दिवशी मी मनाशी ठरवलं की पुन्हा या माणसाच्या हाती सापडायचं नाही. हट्टीपणात मी त्यांचीच मुलगी होते.

दोन वर्षांनी होळीच्या सुमारास दादा अंथरुणाला खिळले. पोटात गाठ होती. डॉक्टरांनी पोट उघडलं आणि काही न करताच परत शिवलं. "घरी न्या," ते आईला म्हणाले, "मागतील ते खायला द्या." मी बाकावर शेजारीच बसले होते. मला वाटलं, पथ्यपाणी काही नाही म्हणजे आजार किरकोळ असणार. आईचा चेहरा पाहून मला कळायला हवं होतं, पण तेव्हा मी दादांच्या चेहऱ्याचा अभ्यास करण्यात गुंतले होते, आईच्या नाही.

तेव्हापासून आमच्या घरात एकच काम उरलं, दादांनी काहीतरी मागावं म्हणून वाट बघणं. आई विचारायची, "पेज करू? शिरा करू? मऊ भात, तूप-मीठ?" ते मान हलवायचे. लेंट चालू होता तरी तिनं एकदा कोंबडीचं पाणी करून बघितलं. त्यांनी वाटी बाजूला सारली, उपासामुळे नाही, घशाखालीच जाईना. जे काय चार चमचे पोटात जायचं ते आईचं मन राखायला. "त्यांना एकदा भूक लागू दे," आई रोज रात्री मोठ्यानं प्रार्थना करायची, "एकदा त्यांच्या तोंडून निघू दे, शांता, मला हे हवं." मीही आमेन म्हणायचे. खायला लागले की उठतील, असं माझं सरळ गणित होतं.

त्या वर्षी ट्रे होणार नाहीत असंच सगळ्यांनी धरलं होतं. पण दादाच म्हणाले, "लोक उपाशी येतात. शालू करील." माझी छाती फुगली. शुक्रवारी संध्याकाळी घोडेगावहून मार्था मावशी, आईची थोरली बहीण, भुशाच्या पाटीत गावरान अंडी घेऊन आली. तिनं दादांना पाहिलं आणि पदर तोंडाला लावून स्वयंपाकघरात आली. माझ्याकडे वळून म्हणाली, "पोरी, तू येकलीच करनार व्हय एवढं? लई मोठं काम हाय."

"तू नुसती बस, मावशी. मला सगळं येतं."

"येतंय की. आईची लेक हाईस." मग हळूच आईला म्हणाली, "शांते, दाजींच्या अंगावर मास न्हाई ऱ्हायलं गं."

शनिवारी सकाळी मी एकटीनं पाव तोडले, अंडी फोडली, एकाही अंड्याचं टरफल आत पडू दिलं नाही. कांदा परतताना डोळ्यांतून पाणी येत होतं आणि मी गात होते. दुपारी हातगाडी ढकलत बेकरीत गेले तर हमीदचाचांनी ट्रेंवर वाकून पाहिलं. "आई नाय आली?"

"दादांना सोडून कशी येईल?"

"कसे हाय आता?"

"बरे आहेत. उद्यापासून खायला लागतील."

ट्रे चाचांनी स्वतः आत सरकवले, नोकराला हात लावू दिला नाही. तासाभरानं लांब दांड्याच्या फावड्यानं पहिला बाहेर ओढला तेव्हा तो बदामी रंगाचा, कडेनं फुगलेला होता. "एकदम आईच्या हाताचे," ते म्हणाले. मला वाटलं आता आणखी काही शिकायचं राहिलं नाही.

घरी आले तर आई आणि मावशी चुन्याची बादली घेऊन निघायच्या तयारीत होत्या. ईस्टरच्या आदल्या दिवशी आपल्या माणसांच्या कबरी धुऊन त्यांना चुना लावायचा असतो. आजोबांची कबर तशीच राहिली होती. "तासाभरात येते," आई म्हणाली. "दादांकडे लक्ष ठेव. आणि ट्रे झाकून ठेव, मुंग्या लागतील." मधली खोली सगळ्यांत थंड म्हणून दादांची खाट तिथंच होती आणि ट्रेही तिथंच टेबलावर, पाण्याच्या परातींत विटा ठेवून त्यांच्यावर मांडले. मी वरून फडकी घालत होते.

"शालू, ट्रे आले का गं?"

त्यांना झोप लागलीय असं मला वाटलं होतं. "आले, दादा. सहाही."

"करपले नाहीत ना?"

"अजिबात नाही. हमीदचाचा म्हणाले, आईच्या हाताचे वाटतात."

त्यांनी मान ट्रेंकडे वळवली. मग म्हणाले, "एक कोपरा दे जरा."

मी वळून त्यांच्याकडे पाहिलं. चेहरा गंभीर. डावी भुवई किंचित वर गेलेली. आता विचार करते तेव्हा वाटतं, चेहऱ्यावर मांसच उरलं नव्हतं, भुवई वर दिसणारच. पण तेव्हा माझ्या अंगावर सरसरून काटा आला, कारण या वेळी ती मला वेळेवर दिसली होती.

"उद्या, दादा. उपासनेनंतर."

"एवढासा दे. कोणाला कळतंय?"

हुबेहूब तेच शब्द. चिक्कीच्या वेळचे. दोन वर्षं मी मनातल्या मनात या प्रश्नाचं उत्तर घोटत होते. मी मान ताठ करून म्हणाले, "देव बघतो."

ते माझ्याकडे बराच वेळ बघत राहिले. मग हसले, ओठांच्या एका कोपऱ्यातून, आणि म्हणाले, "शाबास." आणि त्यांनी डोळे मिटले.

आज हे लिहिताना हात थांबतो, पण खरं ते लिहायचं असंच मी ठरवलं आहे. त्या क्षणी मला फार आनंद झाला. इतका की मी मोरीत जाऊन घासलेलीच भांडी पुन्हा घासली. दोन वर्षांचा डाग धुऊन निघाला असं मला वाटत होतं. आई आली की तिला सांगायचं, दादांनी माझी परीक्षा घेतली आणि मी पास झाले.

आई आली तेव्हा तिचे हात कोपरापर्यंत पांढरे होते. मावशीला चहा हवा होता, दादा झोपले होते, पाळकसाहेबांकडून उद्याच्या कपबशांचा निरोप आला होता. सांगायचं राहून गेलं. सांगितलं असतं तर आईनं तिथल्या तिथे ट्रे कापला असता, सहाच्या सहा कापले असते, नियमबियम खुंटीला टांगून त्यांना उठवून भरवलं असतं. महिनाभर ज्यासाठी ती गुडघे टेकत होती ते तिच्या पाठीमागे तासाभरापूर्वी घडून गेलं होतं आणि मी चहात साखर ढवळत होते. दिवेलागणीच्या वेळी दादांचा श्वास बदलला. हाका मारल्या तर डोळे उघडेनात. शेजाऱ्यांच्या टेम्पोत गादी टाकून त्यांना हॉस्पिटलमध्ये नेलं. टेम्पोत चढताना आई मला म्हणाली, "सकाळी लोक उपाशी येतील. ट्रे पोचव. मावशी आहे तुझ्याबरोबर."

पोचवले. झुंजूमुंजू होताना मी आणि मावशी हातगाडी ढकलत कबरस्तानात गेलो. पांढऱ्या कबरी अंधारातही दिसत होत्या. गाणी झाली, वचन झालं, पाळकसाहेब मोठ्यानं म्हणाले, "ख्रिस्त उठला आहे!" आणि मी सगळ्यांत मोठ्यानं ओरडले, "खरोखर उठला आहे!" मग पळत चिंचेखाली गेले, पहिल्या ट्रेचा कोपरा कापला आणि स्टीलच्या डब्यात ठेवला.

"कुनासाठी गं?" मावशीनं विचारलं.

"दादांना. आता चालतं."

मावशी माझ्याकडे बघत राहिली. "व्हय," ती म्हणाली, "चालतंय आता. झाकन घट लाव."

आम्ही वाढायला घेतलं. लोक सांगत होते छान झालंय, कोणाची पोर, शांताबाईंची ना. निम्मे लोक खाऊन झाले असतील तेव्हा फाटकाशी रिक्षा थांबली आणि आई उतरली. एकटीच. पाळकसाहेब तिच्याकडे चालत गेले, मग पावलं भराभर उचलायला लागले. ज्यांच्या हातात खाणं होतं त्यांना कळेना की घास गिळावा की थुंकावा. आई चिंचेपर्यंत आली. तिनं सगळ्यांकडे पाहिलं आणि म्हणाली, "खा. थांबू नका. त्यांनीच करायला सांगितले होते." मग ती तिथंच मातीत बसली. मला आठवतं की एक म्हातारे काका रडत रडत पूर्ण तुकडा खाऊन गेले, कारण तिनं सांगितलं होतं.

दुपारी त्याच कबरस्तानात दादांना ठेवलं. आजोबांच्या शेजारी, ताज्या चुन्याजवळ. लोक पांगल्यावर आई, मावशी आणि मी मागे राहिलो. डबा माझ्या कापडी पिशवीत तसाच होता. तो घरी ठेवावा असं सकाळपासून मला सुचलंच नव्हतं.

"शालू," आई म्हणाली, "काल मी इकडे चुना लावायला आले होते तेव्हा दादांनी काही मागितलं का गं? पाणी, चहा, काही?"

पिशवीचा बंद माझ्या बोटांत रुतत होता. मी म्हणाले, "नाही."

"नक्की?"

"झोपूनच होते."

तिनं मोठा श्वास सोडला. "मग बरं," ती म्हणाली. "मी उगाच गेले, असं सारखं वाटत होतं. भूकच राहिली नव्हती त्यांना. उपाशी नाही गेले." मावशी तिच्या पाठीवरून हात फिरवत राहिली.

पुढे आईनं हे वाक्य आयुष्यभर वापरलं. दादांबद्दल कोणी विचारलं की ती सांगायची, शेवटी शेवटी त्यांना काही नको झालं होतं, शांतपणे गेले, काही मागितलं नाही. तिला त्याचा फार आधार होता. तो काढून घेण्याचं धैर्य मला कधी झालं नाही, आणि खरं सांगायचं तर त्यात तिची काळजी किती आणि माझी भीती किती, हे मला अजून उमगलेलं नाही. मी नर्सिंगला गेले. तो तुकडा खाऊन दादा वाचले नसते हे तिथं मला पक्कं कळलं. पण वॉर्डात पेशंटनं मागितलेली वस्तू मी कधी उद्यावर टाकली नाही. बरोबरच्या पोरी हसायच्या, म्हणायच्या, सिस्टर शालिनीच्या वॉर्डात पेशंट जावयासारखे राहतात. मीही हसायचे.

आई गेली ती माझ्याकडे, सावेडीतच. शेवटचे दोन महिने तिला नाना तऱ्हेचे डोहाळे लागल्यासारखे व्हायचे. दुपारी दोनला बोरं हवीत, मग ऊस चोखायचा, मग खारी. मी स्कूटरवरून जाऊन सगळं आणायचे आणि ती एक घास खाऊन बाजूला ठेवायची. एकदा मी रव्याची खीर भरवत होते तेव्हा ती खोडकर हसली आणि म्हणाली, "तुझे दादा बिचारे काही न मागता गेले. मी मात्र तुला या वयात नाचवते."

चमचा माझ्या हातात होता. ती शुद्धीवर होती, ऐकत होती, आणि घरात दुसरं कोणी नव्हतं. मी म्हणाले, "खा, आई. गार होईल."

आता तीही नाही, मावशी नाही, हमीदचाचा नाहीत. हे वाचून दुखावं असं कोणी उरलेलं नाही, म्हणून लिहिते. दादांनी मागितलं होतं. आईनं महिनाभर देवाजवळ मागितलेली भूक त्यांना शनिवारी दुपारी लागली होती, आणि त्यांनी एकदा नाही, दोनदा मागितलं. परीक्षा घेताना त्यांचा आवाज नेहमी खणखणीत असायचा. त्या दिवशी दुसऱ्यांदा मागताना तो पहिल्यापेक्षा लहान झाला होता.